तिसरा बिंदू

मंडळी, मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन बिंदू आपल्याकडे घराघरांत ठाऊक असतात. तिसरा मात्र शास्त्राच्या पुस्तकातच राहिला. डोळ्याच्या आकृतीत एक बाण काढून त्याच्यापुढे 'पीतबिंदू' असं लिहिलेलं असायचं. मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करायची आणि मग विसरून जायची. फरक असा, की मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दुखण्यांची नावं आहेत, तर पीतबिंदू हे डोळ्यातल्या एका जागेचं नाव आहे. ती जागा प्रत्येकाकडे असते आणि ती शाबूत असते तोवर कुणाला तिची आठवण होत नाही.

डोळ्याच्या आतल्या बाजूला मागे जो पडदा आहे त्याला आपण दृष्टिपटल म्हणतो, डॉक्टर रेटिना म्हणतात. त्याच्या मध्यावर साधारण साडेपाच मिलिमीटर रुंदीचा हा पीतबिंदू, म्हणजे मॅक्युला, आणि त्याच्याही मध्ये एक इवलासा खळगा. वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातला खडा ओळखणं, समोरून येणारा माणूस आपला की परका हे ठरवणं, ही सगळी कामं तेवढीशी जागा करते. बाकीचा एवढा मोठा पडदा आजूबाजूचं भान ठेवतो, पण बारीक काम त्याला जमत नाही. वय झालं की काही जणांची नेमकी हीच जागा झिजते. त्याला वयोमानाने होणारा मॅक्युलाचा ऱ्हास म्हणतात. यात माणूस ठार आंधळा होत नाही, कडेचं दिसत राहतं. भिंतीवरच्या घड्याळाची चौकट दिसते, काटे दिसत नाहीत.

माझ्या दोन्ही डोळ्यांत हे आहे. जवळच्यांना माहीत आहे, लांबच्यांना आज इथे कळेल. घाबरू नका, प्रकृतीचं गाऱ्हाणं सांगायला मी हे लिहीत नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की ती कधीपासून, कुणी आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. दवाखान्यात दर खेपेला हनुवटी टेकवून त्या यंत्रात बघायचं आणि मग पडद्यावर आपल्या डोळ्याचं डोंगररांगेसारखं चित्र बघायचं, हे सुरू झाल्यावर साहजिकच वाटलं, की हे एवढं आत डोकावायची सुरुवात केली कुणी? भाचा वाचून दाखवतो, काही मी टॅबवर अक्षर मोठं करून वाचते, काही नुसतं ऐकते. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. शास्त्राची मी विद्यार्थिनी नव्हे, बी.ए. मराठी माध्यमातलं, तेव्हा शास्त्रवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

१८५० सालापर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा कुठल्याही डॉक्टरने नीट पाहिलेला नव्हता! म्हणजे मोतीबिंदू दिसायचा, बुबुळावरचं फूल दिसायचं, पण बाहुलीच्या आत काळोख. पडद्याचा आजार झाला की डॉक्टर हात टेकायचे. त्या काळी युरोपात एक विनोदच रूढ होता, की ज्या अंधत्वात रोग्याला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, ते हे. विनोद क्रूर आहे, पण खरा होता.

बाहुली काळी का दिसते? आत शिरलेला प्रकाश पडद्यावरून परत फिरतो तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने, म्हणजे दिव्याकडे. तो परतीचा प्रकाश पकडायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. पण आपण तिथे डोकं घातलं, की दिवाच अडतो. क्योनिग्जबर्ग विद्यापीठात (आजचं रशियातलं कॅलिनिनग्राड) हर्मान हेल्महोल्ट्झ नावाचे शरीरशास्त्राचे तरुण प्राध्यापक होते, वय एकोणतीस. विद्यार्थ्यांपुढे हे कोडं समजावून सांगायची तयारी करताना त्यांना उत्तर सुचलं. डोळ्यासमोर काच तिरपी धरायची. बाजूच्या दिव्याचा थोडा उजेड काचेवरून उडून रोग्याच्या डोळ्यात जातो, आणि परत येणारा थोडा उजेड काचेतून आरपार आपल्या डोळ्यात येतो. चष्म्याची भिंगं, पुठ्ठा आणि सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा, एवढ्या सामानावर त्यांनी ते जमवलं. आठवडाभर खटपट केल्यावर दिसलं. ६ डिसेंबर १८५० रोजी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळात त्याची माहिती दिली गेली आणि १८५१ मध्ये त्यांची पुस्तिका छापून आली.

याच दिवसांत त्यांनी वडिलांना पत्र लिहिलं. वडील शाळामास्तर होते. पत्रात त्यांनी म्हटलं, की यासाठी शाळेत शिकलेल्या प्रकाशाच्या धड्यांपलीकडचं काहीच ज्ञान लागलं नाही, मग इतक्या लोकांना आणि मलाही इतके दिवस कसं सुचलं नाही याचंच हसू येतं. मास्तरांना मुलाचं असं पत्र यावं, यापरतं काय हवं! शिकवायला उभं राहिल्यावर विषय आपल्याला खरा कळतो, हा अनुभव शिक्षकी पेशातल्या प्रत्येकाचा आहे. फक्त आपल्या हातून त्यातून यंत्र निघत नाही, इतकंच.

गंमत म्हणजे गणितयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्येच लंडनला असं काहीसं उपकरण केलं होतं. त्यांनी ते एका नामांकित नेत्रवैद्याला दाखवलं, त्यांना त्यातून काही धड दिसलं नाही, आणि ते बाजूला पडलं. हेल्महोल्ट्झच्या आरशालाही सगळ्यांनी लगेच डोक्यावर घेतलं नाही. एका शल्यवैद्याने सांगितलं, आजारी डोळ्यात असा नागडा उजेड सोडणं धोक्याचं आहे. दुसऱ्याने सांगितलं, ज्या डॉक्टरांची नजर अधू आहे त्यांना हे उपयोगी पडेल, माझे डोळे उत्तम आहेत! बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या तरुण नेत्रवैद्याने मात्र ते उचललं आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत डोळ्याच्या वैद्यकाचं रूपच पालटलं.

आत दिसायला लागल्यावर नावं पडायला लागली. हॉलंडच्या डोंडर्स यांनी १८५५ मध्ये म्हाताऱ्या डोळ्यांच्या पडद्याखाली जमलेले पिवळट गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णिले. त्यांना पुढे 'ड्रुसेन' हे नाव रूढ झालं. हा शब्द जर्मन खाणींमधला, खडकाच्या पोकळीत स्फटिक जमलेले असतात ते. माझ्या रिपोर्टवर हा शब्द दर खेपेला असतो. पहिल्यांदा मला ते औषधाचं नाव वाटलं होतं. लंडनच्या हचिन्सन आणि टे यांनी १८७४ मध्ये वृद्धांमध्ये दोन्ही डोळ्यांत सारखाच, नेमका मध्यभागी होणारा हा विकार नोंदवला आणि १८८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओटो हाब यांनी त्याला मॅक्युलाचा वार्धक्यातला ऱ्हास म्हटलं. म्हणजे आजार जुनाच, पण कागदोपत्री वय जेमतेम दीडशे वर्षं.

पण पाहणं वेगळं आणि पाहिलेलं साठवणं वेगळं. तोवर डॉक्टर जे पाहायचे ते हाताने चितारायचे. चांगला चितारी नसेल तर? आणि सहा महिन्यांपूर्वीचा डाग आज वाढला की नाही, हे आठवणीवर कसं सांगणार? फोटोचा पहिला छापील प्रयत्न १८८६ मधला, इंग्लंडातल्या जॅकमन आणि वेब्स्टर या दोघांचा. कॅमेरा रोग्याच्या डोक्यालाच बांधला आणि अडीच मिनिटं उघडा ठेवला. अडीच मिनिटं डोळा न हलवता दिव्याकडे बघत बसणारा तो माणूस कोण होता कोण जाणे, त्याचं मला फार कौतुक वाटतं. मला तीन सेकंदांत पाणी येतं. एवढं करून फोटोत आलं काय, तर नेत्रमज्जेची पांढरी चकती आणि चारदोन रक्तवाहिन्या. पीतबिंदूचं नाव नाही.

त्यापुढची चाळीस वर्षं उजेडाच्या चकाकीशी झगडण्यात गेली. १९२६ च्या सुमारास स्वीडनच्या नॉर्डेन्सन यांच्या आराखड्यावरून जर्मनीच्या झाइस कंपनीने विकत घेता येईल असा पहिला कॅमेरा काढला, आणि १९५० च्या दशकात विजेचा फ्लॅश आल्यावर क्षणात फोटो निघायला लागला.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. १९५९ साल, अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ, हॅरॉल्ड नोवोत्नी आणि डेव्हिड अल्विस हे दोन वैद्यकीय विद्यार्थी. त्यांना पडद्यातून वाहणाऱ्या रक्ताचा फोटो हवा होता. फ्लुओरेसीन हा रंग १८७१ पासून रसायनशास्त्राला माहीत होता. त्याच्यावर निळा उजेड टाकला, की तो हिरवट पिवळा चमकतो. यांनी ठरवलं, की हा रंग दंडाच्या शिरेत टोचायचा, डोळ्यात निळा उजेड सोडायचा आणि कॅमेऱ्यापुढे असा फिल्टर लावायचा की फक्त चमक आत येईल. आधी सशांवर करून पाहिलं. मग माणसावर करायची वेळ आली तेव्हा सुई अल्विसच्या दंडात गेली. नोवोत्नीने टोचली. रंग दंडातून हृदयात, तिथून वर डोळ्यात, दहा-पंधरा सेकंदांत पोचतो आणि एकामागून एक रक्तवाहिन्या दिवाळीच्या माळेसारख्या उजळत जातात. त्यांचा लेख नेत्रवैद्यकाच्या एका मोठ्या नियतकालिकाने साभार परत केला. शेवटी तो १९६१ मध्ये रक्ताभिसरणावरच्या 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात छापून आला. त्यानंतर ही तपासणी जगभर रोजची झाली. साभार परत आलेल्या लेखांचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

या तपासणीचा आमच्या आजाराला फार मोठा उपयोग झाला. मायामीच्या डोनाल्ड गास यांनी १९६७ मध्ये या फोटोंच्या आधाराने दाखवून दिलं, की काही जणांत पडद्याखालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी व रक्त झिरपतं. रंगाची गळती फोटोत दिसायचीच. त्यातून कोरडा प्रकार आणि ओला प्रकार अशी आजची फोड पक्की झाली. कोरडा सावकाश वर्षानुवर्षं चालतो. ओला थोड्या आठवड्यांत होत्याचं नव्हतं करतो. माझ्या डाव्या डोळ्यात ओला होता, उजव्यात कोरडा आहे.

इथवर सगळी कथा डॉक्टरला काय दिसतं याची झाली. आता दुसरी बाजू. रोग्याला काय दिसतं, ते कसं मोजायचं?

भिंतीवरचा तक्ता तुम्हा सर्वांना माहीत आहे. वर एक मोठं अक्षर, खाली खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. तो हॉलंडमधल्या उट्रेख्तच्या स्नेलेन यांनी १८६२ मध्ये केला. (वर आलेल्या डोंडर्सांचेच ते सहकारी.) त्यात पुढे सुधारणा झाल्या. ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये बेली आणि लव्ही यांनी प्रत्येक ओळीत सारखी अक्षरं आणि सारखं अंतर असलेला तक्ता केला, त्यावरूनच आज औषधांच्या चाचण्यांतला तक्ता आला. पण मूळ कल्पना तीच राहिली: लख्ख उजेडात पांढऱ्यावर काळं एकेक अक्षर.

आणि इथेच आमची गोम आहे. पीतबिंदूचा डाग कधी कधी कंकणासारखा असतो. मधलं बेट शाबूत आणि भोवती पोकळी. त्या बेटावर एक अक्षर मावतं, शब्द मावत नाही. तक्त्यावर माणूस खालची ओळ वाचून दाखवतो, डॉक्टर खूश होतात, आणि घरी वर्तमानपत्रातला 'महाराष्ट्र' हा शब्द 'म' आणि 'ट्र' असा तुकड्यातुकड्यांनी गोळा करावा लागतो. वाचनाचा वेग, अंधूक उजेडातली नजर, फिक्यावर फिकं ओळखता येणं, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा किती वेळात सरावतो, या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तक्त्यावर येत नाहीत. मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांच्या अभ्यासातून असं दिसलं, की या आजारात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशींच्या आधी अंधूक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी मरायला लागतात. म्हणून कित्येकांची पहिली तक्रार 'दिसत नाही' ही नसते, 'संध्याकाळी जिना नीट दिसत नाही' ही असते. घरचे म्हणतात, वय झालं, दिवा लावा.

साध्या उपकरणांत मला मानाची जागा द्यावीशी वाटते ती स्वित्झर्लंडच्या मार्क आम्स्लर यांच्या चौकोनाला. १९४० च्या दशकात त्यांनी तो रूढ केला. दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरच्या चारशे चौकटी, मध्ये एक टिंब. तो एका हाताच्या आतल्या अंतरावर, साधारण तीस सेंटिमीटरवर धरायचा, चष्मा लावून, एक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं. रेघा सरळ दिसतात का? कुठे वाकतात का? कुठली चौकट गायब आहे का? पडद्याखाली पाणी साचलं की पडदा उचलला जातो, आणि त्यावर पडलेली सरळ रेघ वाकडी दिसते. बस्स, एवढंच तत्त्व. वीज नको, यंत्र नको, पै खर्च नाही. पूर्ण भरवशाचा तो नाही, कारण मेंदू मोठा लबाड असतो, मधली गेलेली जागा आजूबाजूच्या रेघांनी परस्पर भरून काढतो. तरीही डोळ्याच्या आतलं दुखणं घरबसल्या रोग्यालाच दाखवणारं असं साधन दुसरं नाही.

मला मात्र आम्स्लरच्या आधी आपल्या देवनागरीनेच इशारा दिला. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात. आपल्या शब्दांना डोक्यावर शिरोरेषा असते. मुलांच्या वह्या तपासताना 'शिरोरेषा सरळ काढ' असं मी किती हजार वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नाही. एके दिवशी छापील पुस्तकातल्याच शिरोरेषा मध्येच खाली झुकल्या, वाळत घातलेल्या दोरीसारख्या. उजवा डोळा झाकला की झुकायच्या, डावा झाकला की सरळ. दोन्ही डोळे उघडे असताना काहीच कळत नव्हतं, चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो ते असं. चौथ्या दिवशी दवाखाना गाठला, ओला प्रकार निघाला आणि इंजेक्शनं सुरू झाली.

तिथे ज्या यंत्रापुढे हनुवटी टेकवली त्याला ओसीटी म्हणतात, आणि त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. वटवाघूळ जसं आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतं तसं हे यंत्र प्रकाशाच्या परावर्तनावरून ओळखतं. पण प्रकाश इतका वेगवान, की तो पडद्याच्या वरच्या थरावरून परत आला की खालच्या, हे कुठलं घड्याळ मोजणार? म्हणून प्रकाशाचा एक भाग डोळ्यात आणि दुसरा भाग माहीत असलेल्या अंतरावरच्या आरशाकडे पाठवतात, आणि दोन्ही परत आले की एकमेकांत मिसळून बघतात. दोन्हींनी चाललेली वाट सारखी असेल तरच त्या लाटा विशिष्ट प्रकारे जुळतात. ही युक्ती अमेरिकेच्या आल्बर्ट मायकेल्सन यांची, आणि ते उपकरण त्यांनी प्रथम १८८१ मध्ये जर्मनीत उभं केलं. कुणाच्या प्रयोगशाळेत? बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या! डोळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता, मायकेल्सन पृथ्वीभोवतीचा ईथर शोधत होते. रहदारीच्या हादऱ्यांमुळे प्रयोग बर्लिनहून पॉट्सडॅमला हलवावा लागला, आणि पॉट्सडॅम हे हेल्महोल्ट्झ यांचं जन्मगाव. इतिहासाच्या पुस्तकात मी असा योगायोग वाचला असता तर लेखकाने जुळवून आणला असं म्हटलं असतं.

त्यानंतर एकशे दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या जेम्स फुजिमोटो यांच्या गटातल्या डेव्हिड ह्वांग या विद्यार्थ्याने (पुन्हा विद्यार्थीच!) एरिक स्वॉन्सन आणि इतरांच्या साथीने 'सायन्स' या नियतकालिकात पहिली चित्रं छापली. ती डोळ्यापासून वेगळ्या काढलेल्या पडद्याची होती. १९९३ मध्ये जिवंत डोळ्याची आली आणि १९९६ मध्ये यंत्र बाजारात आलं. फुजिमोटो, ह्वांग आणि स्वॉन्सन यांना २०२३ मध्ये त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. पडद्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातले थर हे यंत्र खिचडीच्या भांड्याला नव्हे तर लग्नातल्या केकला कापल्यासारखे उभे कापून दाखवतं. सुई नाही, रंग नाही, स्पर्श नाही. पूर्वी पडदा वरून दिसायचा, आता त्याचा छेद दिसतो. खाली पाणी साचलं असेल तर काळं तळं दिसतं. आजीच्या डोळ्यातलं तळं म्हणून नातवाने त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय.

औषधाचं थोडक्यात सांगते. आधी लेझरने कच्च्या वाहिन्या जाळायचे, पण त्या मध्यावर असतील तर त्यांच्याबरोबर नजरही जळायची. मग नव्या वाहिन्यांना फुटायला लावणाऱ्या प्रथिनाला अडवणारी औषधं आली. आतड्याच्या कॅन्सरवरचं बेव्हॅसिझुमॅब २००५ पासून डोळ्यात देऊन पाहिलं गेलं, आणि २००६ मध्ये खास डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीत वर्षाअखेर सुमारे ९५ टक्के रोग्यांची नजर टिकली किंवा अगदी थोडी उतरली, आणि पूर्ण मात्रा घेणाऱ्यांतल्या एक तृतीयांशांना तक्त्यावर तीन ओळी जास्त दिसायला लागल्या. त्याआधी ओल्या प्रकाराला परतीची वाट जवळजवळ नव्हतीच. २०१५ मध्ये आपल्याकडे त्याची देशी आवृत्तीही मंजूर झाली. डोळ्यात सुई, हे ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांना सांगते, थेंब घालून बधिर करतात, चिमटा काढल्याएवढं लागतं. इंजेक्शनापेक्षा पाळीची वाट बघणं जास्त दुखतं.

माझ्या इंजेक्शनांनंतर तळं आटलं. पडद्यावरचं चित्र सपाट, सुरेख झालं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आनंदाने स्क्रीन माझ्याकडे वळवून सांगितलं, "काकू, बघा, एकदम कोरडं! मस्त आहे." मी म्हटलं, "अहो, पण मला वाचता येत नाही." ते म्हणाले, "चित्र तर छान आहे." मुलगा गुणी आहे, चुकीचंही बोलला नाही. पाणी गेलं हे खरंच, पण पाण्याखाली ज्या पेशी आधीच गेल्या होत्या त्या परत आल्या नाहीत. पण त्या क्षणी मला तो जुना विनोद आठवला. रोग्याला दिसत नाही आणि डॉक्टरलाही दिसत नाही, ते दिवस गेले. आता डॉक्टरला सगळं दिसतं.

हा माझ्या एकटीचा रुसवा नाही. कोरड्या प्रकारात पडद्याचे तुकडेच्या तुकडे झडत जातात, त्यावर २०२३ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लान नावाचं औषध मंजूर झालं. महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांत झडलेली जागा वाढण्याचा वेग दोन वर्षांत साधारण एक पंचमांशाने कमी झाला, हे फोटोंवरून मोजलेलं. पण त्याच दोन वर्षांत त्या लोकांना इतरांपेक्षा जास्त चांगलं दिसलं, वाचता आलं, असं काही सिद्ध झालं नाही. २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी नेमकं याच मुद्द्यावर ते नाकारलं. एकच औषध, तेच आकडे, अटलांटिकच्या एका काठावर हो, दुसऱ्या काठावर नाही. वाद खरा याचा, की डाग लहान राहिला हाच उपयोग मानायचा, की माणसाला दिसलं तरच उपयोग? सुटं बोलायचं तर मला दोन्ही बाजू पटतात. डाग हळू वाढला तर पाच वर्षांनी फरक पडेलही. पण दर महिन्याला डोळ्यात सुई घेणाऱ्याला 'तुमचा फोटो बरा आहे' एवढंच सांगायचं, हेही पटत नाही. फोटो अडीच मिनिटांवरून सेकंदाच्या अंशावर आला, आणि वाचता येतं का हे विचारायला अजून दवाखान्यात कुणाला सवड नाही.

आता नात्यातल्या मंडळींसाठी. २००५ मध्ये या आजाराशी जोडलेला एक मोठा जनुकीय दुवा सापडला. जवळच्या नात्यात असेल तर धोका वाढतो, याचा अर्थ होईलच असा नाही. पण दादा, धाकटी, आणि मुंबईची तिघं चुलत भावंडं, तुम्ही साठीच्या पुढे आहात. बाहुलीत थेंब घालून एकदा पडदा तपासून घ्या. दादा, सिगरेट या आजाराला खतपाणी घालते हे अनेक अभ्यासांत पक्कं झालेलं आहे, यावर मी आणखी काही लिहीत नाही, वहिनी वाचतेच आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. २००१ आणि २०१३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत त्यांचा उपयोग दिसला तो मधल्या टप्प्यावर पोचलेल्यांना, निरोगी डोळ्यांना नाही.

आणि आम्स्लरचा चौकोन छापून फ्रिजवर लावा. तो नसेल तर मराठी पुस्तकातलं मोठ्या टायपातलं एक पान घ्या, आधी एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. शिरोरेषा झुकली तर सोमवारची वाट बघू नका.

पुढच्या तपासणीला मी एक कागद बरोबर नेणार आहे. सकाळी खिडकीजवळ दहा मिनिटांत किती ओळी वाचल्या, संध्याकाळी दिव्याखाली किती, आणि कुठल्या अक्षरावर अडले, याची महिनाभराची नोंद. घ आणि ध, म आणि भ यांत सर्वांत जास्त अडते. भाच्याने तक्ता आखून दिलाय, रकाने मोठे ठेवलेत. कालच्या सकाळच्या ओळी सव्वीस, संध्याकाळच्या नऊ.